साँ-मार्दीची बेकरी उघडी ठेवणेबाबत

सुलोचना मगदूम फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळवून पास झाल्या. उरलेले नऊ गुण परीक्षकबाईंना आलेल्या शिंकांपायी गेले, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरू. परीक्षा अजून व्हायची आहे, निकालाचा कुठं पत्ता नाही, २०४३ सालचा एप्रिल चालू आहे आणि सुलोचनाबाई मिरजेत आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून फोनवर लेकीशी भांडतायत. तुम्ही आत्ताच दारातून आत आलात. चपला बाहेर काढा.

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं, राजुल. आपल्यात पद्धत आहे."

"आई, डॉक्टर विमानात बसू नको म्हणतीय. रक्तदाब वर-खाली होतोय माझा."

"मग बोटीनं ये."

"नांतहून? मिरजेला?"

मिरजेला समुद्र नाही हे सुलोचनाबाईंना ठाऊक होतं. पण भांडणात भूगोल काढायचा नसतो. त्यांनी कढईखालचा गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "बरं. तू माहेरी येऊ शकत नाहीस ना? मग माहेरच तिकडं घेऊन येते."

बोलायला सोपं होतं. अडचण होती ती नियमाची. गेल्या काही वर्षांत कानात घालायच्या भाषांतर-गुंड्या इतक्या स्वस्त झाल्या होत्या की जगात कुणी कुणाची भाषा शिकेनासं झालं होतं. तिकडच्या फ्रेंच सरकारला याचं वाईट वाटलं. त्यांनी नियम काढला: तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर गुंडी काढून वीस मिनिटं फ्रेंचमध्ये साधं, रोजचं बोलून दाखवा. परीक्षा वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, पुण्यात. राजुलचे दिवस भरत होते नोव्हेंबरात. आणि सव्वा महिन्याची ओवाळणी उरकून लगेच परतणारी आई ही सुलोचनाबाईंच्या मते आई नव्हे, पाहुणी.

सुलोचनाबाईंचं वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं त्यांनी मिरज बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती. जतची गाडी कुठं लागते, पंढरपूरची कधी सुटते, कागवाडला जाताना कुठं उतरायचं, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. सगळ्या मुलखाला वाट दाखवणारी ही बाई स्वतः मात्र श्रवणबेळगोळच्या पलीकडं कधी गेली नव्हती.

झोपेतसुद्धा, हा शब्द वर सहज आलेला नाही.

किल्ला भागात एका सतारीच्या दुकानाच्या माडीवर रेहाना सतारमेकरचं भाषा केंद्र होतं. घराणं सात पिढ्यांचं. भोपळे वाळवायचे, पोखरायचे आणि त्यांच्या सतारी करायच्या. आठव्या पिढीतली रेहाना माणसं झोपवून त्यांचे फ्रेंच आणि जर्मन करायची. तिच्या मते कामात फारसा फरक नव्हता.

"ही उशी," रेहाना म्हणाली. टेबलावर खरोखरच एक उशी होती. राखाडी, जरा कडक, एका कोपऱ्याला काडेपेटीएवढा कप्पा. "रोज सकाळी पंधरा शब्द आणि चार वाक्यं पाठ करायची. दुपारी जेवून हिच्यावर डोकं ठेवायचं. बाकी तुम्ही काय करायचं न्हाई."

"म्हणजे झोपायचं?"

"झोपायचंच."

"याची फी घेतीस तू?"

रेहानाला या प्रश्नाची सवय होती. तिनं समजावून सांगितलं. दिवसा शिकलेला शब्द मेंदूत आधी एका छोट्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागात तात्पुरता बसतो, स्टँडवरच्या उतारूसारखा. झोप लागली की मेंदू दिवसभराची उजळणी करतो आणि एकेका शब्दाला कायमच्या जागी पोचवतो. सगळ्यांना नाही. बरेच स्टँडवरच राहतात आणि सकाळी झाडून काढले जातात. कुठल्या शब्दाला गाडी मिळावी हे बाहेरून सुचवता येतं, आणि सुचवायची सगळ्यात चांगली वाट म्हणजे वास. डोळ्याकानाचे निरोप मेंदूत शिरताना एका चौकीवर थांबतात, वासाला ती चौकीच लागत नाही. तो थेट आठवणींच्या दारात जातो आणि झोपही मोडत नाही. म्हणून धडा पाठ करताना एक वास द्यायचा आणि झोपेत उशीनं तोच वास पुन्हा सोडायचा. मग ती बारीक आवाजात धडा कुजबुजते आणि मेंदू त्याचं स्वप्न करतो.

"स्वप्नात एक गाव येतंय," रेहाना म्हणाली. "साँ-मार्दी. फ्रेंचमध्ये मार्दी म्हणजे मंगळवार. कंपनीनं खर्च वाचवायला एकच वार बनवलाय. तिथं कायम मंगळवार दुपार असती. पाववाला, पोस्टमन, शेजारीण अशी माणसं भेटतील. त्यांच्याशी बोलायचं."

"आणि वास कसला?"

रेहानानं कप्प्यात लव्हेंडरची कुपी बसवून दिली.

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी पाठांतराला बसून तो वास घेतला आणि त्यांना लगेच स्टँडमागची मुतारी आठवली. महामंडळ तिथं याच वासाचं फिनाईल वापरायचं. अशा वासात परभाषा काय, मातृभाषासुद्धा टिकली नसती. त्यांनी कुपी उपसून काढली आणि फडताळातून एक पितळी डबी आणली.

डबीत हिंगाचा खडा होता. सुपारीएवढा.

हा खडा त्यांच्या नवऱ्याच्या हातचा. भूपाल मगदूम हिंगाचा व्यापार करायचे. कच्चा हिंग आणायचा, मैदा आणि डिंक घालून परातीत मळायचा, खडे बांधून उन्हात वाळवायचे. घरात कांदा-लसूण चालत नव्हता, त्यामुळं चवीचा सगळा कारभार हिंगाकडं. सात वर्षांपूर्वी भूपाल गेले. कारखाना विकला, पराती विकल्या, हा एक खडा तेवढा राहिला. तो त्यांनी कधी फोडणीला घातला नव्हता. नुसतं डबीचं झाकण उघडायचं आणि लावायचं. वास म्हणजे वास, असा विचार करून त्यांनी तो खडा उशीच्या कप्प्यात बसवला. यंत्रानं काही तक्रार केली नाही. आतली छोटी किसणी फिरली, कणभर हिंग तापला आणि घरात सात वर्षांपूर्वीचा दिवस उगवला.

दुपारी दोन वाजता त्या झोपल्या.

साँ-मार्दीत उजेड लिंबाच्या सरबतासारखा होता. एक रस्ता, एक चर्च, पोस्ट, लांबवर स्टेशन. ढग एकच, तो जागचा हलत नव्हता. फुटपाथवर एक टेबल आणि टेबलाखाली एक मांजर. पहिल्या धड्यात 'मांजर टेबलाखाली आहे' असं वाक्य होतं, त्यामुळं मांजराला दुसरा इलाज नव्हता. पोस्टमनला त्यांच्या जुन्या डेपो मॅनेजरचा चेहरा होता. शेजारीण हुबेहूब त्यांच्या धाकट्या नणंदेसारखी, फक्त हसतमुख.

बेकरीत पाठमोरा एक माणूस कणीक मळत होता. कोपरापर्यंत पीठ. मळून झाल्यावर त्यानं दोन्ही हात वर धरले आणि त्यांच्यावर हलकेच फुंकर मारली.

सुलोचनाबाई दारातच थांबल्या. हिंग मळून झाला की अशी फुंकर मारणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच बघितला होता.

तो वळला. "ब्वाँजूर, मादाम. व्हू देझिरे?" म्हणजे, नमस्कार बाईसाहेब, आपल्याला काय हवंय?

"अहो," त्या म्हणाल्या.

हा शब्द साँ-मार्दीच्या शब्दसंग्रहात नव्हता. मांजरानं टेबलाखालून मान वर केली. पाववाल्यानं अदबीनं पुन्हा विचारलं, आपल्याला काय हवंय? त्याच्या मिशीत पीठ होतं. त्या काय मागणार होत्या ते राहू द्या. पाठ होतं तेवढंच बोलल्या, "यून बागेत, सिल व्हू प्ले." एक लांब पाव द्या, कृपया.

त्यानं पाव कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "आ मार्दी!" मंगळवारी भेटू.

उठल्या तेव्हा उशी ओली होती. तिच्या शिवणीवर 'कृपया कोरडे ठेवा' असं छापलं होतं. त्यांनी पदरानं पुसली.

मग रोजची दुपार तशी गेली. भूपाल जिवंत असताना फार कमी बोलायचे. तुम्ही काहीही विचारा, उत्तर "हं". जेवण कसं झालंय? हं. राजुलला स्थळ आलंय. हं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी 'तू कशी आहेस' असं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं काय, समोरच तर होत्या. आता तेच भूपाल दर दुपारी काउंटरवर हात टेकवून विचारायचे, "आपण कशा आहात, मादाम?" आणि उत्तर ऐकून घ्यायचे. तेही 'व्हू' म्हणून, म्हणजे आपल्याकडचं 'आपण'. जन्मभर 'अगं' ऐकलेल्या बाईला मेलेल्या नवऱ्यानं 'आपण' म्हटल्यावर कसं वाटतं, याला फ्रेंचमध्ये शब्द असेल तर तो वरच्या धड्यांत असावा.

पाववाला हवामानाबद्दल बोलायचा. आज हवा छान आहे. कालही छान होती, पण काल मंगळवारच होता. त्याच्या भावाकडं दोन सायकली होत्या. त्याला मोसंबीपेक्षा सफरचंद आवडायचं. सुलोचनाबाईंनी सांगितलं की त्यांना एक मुलगी आहे, ती उंच आहे, तिचे केस काळे आहेत, ती लवकरच आई होणार आहे. पाववाला एवढा आनंदला की त्यानं त्या दिवशी दोन पाव दिले. अकराव्या धड्यात मांजर टेबलावर आलं. सगळ्या गावाला बरं वाटलं.

इकडं मिरजेत त्या सकाळपासून गुणगुणत असायच्या. शेजारच्या कलावतीआक्कांनी एकदा कठड्यावरून विचारलंसुद्धा, "काय वो सुलोचनाबाई, दुपारी दोनला दार लावून घेताय, चारला न्हाऊन-माखून आल्यागत बाहेर येताय. भानगड काय हाय?"

"बेकरीत जाते," सुलोचनाबाई म्हणाल्या. खरं तेच सांगितलं.

बिंग जुलैत फुटलं. राजुलनं जावयाला, एतियेनला, फोनवर आणलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि सासूबाईंशी गुंडीशिवाय बोलायचं म्हणून सदरा इस्त्री करून बसला होता. म्हणाला, "ब्वाँजूर, सुलोचना-आई."

सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. ब्वाँजूर हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. एतियेन हसत राहिला, त्या हसत राहिल्या, असं मिनिटभर दोन्ही देशांनी एकमेकांकडं बघून हसून घेतलं.

"आई, तीन महिने काय केलंस गं?" राजुल म्हणाली.

"थांब जरा, आमटी उतू चाललीय," म्हणून त्या ओट्याकडं वळल्या. वरून फोडणी घालायची राहिली होती. कढल्यात मोहरी तडतडली, डब्यातला बाजारी हिंग पडला, भपकारा उठला, आणि सुलोचनाबाई पळी हातात धरून गर्रकन वळल्या. त्यांनी एतियेनला अस्खलित फ्रेंचमध्ये सांगितलं की हवा छान आहे, त्यांचं घर लहान पण स्वच्छ आहे, तो अंगानं बारीक झालेला दिसतोय, स्टेशन चर्चच्या मागं आहे, आणि राजुलच्या बापाच्या भावाकडं दोन सायकली आहेत.

वास विरला तसं वाक्य मध्येच तुटलं.

"कुठल्या काकाकडं सायकली?" राजुलनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रेहानानं उशीचा कप्पा उघडला आणि आधी नाक धरलं, मग कपाळ.

"काकू, काय केलंय वो हे!"

"लव्हेंडरला मुतारीचा वास येतोय."

"असू दे की! परीक्षेच्या खोलीत कंपनी लव्हेंडर सोडती. सगळे त्याच वासात शिकतात, त्याच वासात बोलतात. ज्या वासात शिकलं, त्या वासात आठवतंय. तुमचं सगळं फ्रेंच हिंगाला बांधलंय. हिंग न्हाई, तर फ्रेंच न्हाई."

"मग हिंग नेते."

"न्या. पण ऐका." रेहाना स्टूल ओढून बसली. तिनं उशीतली नोंद बघितली होती, आणि त्या नोंदीत पाववाल्याच्या नावापुढं 'चेहरा: पती' असं आलं होतं. "माणसं कंपनी देत न्हाई. कंपनी नुसती कामं देती, पाववाला, पोस्टमन. चेहरा तुमच्या मेंदूनं आपल्या कोठारातून काढायचा. हिंगाचा वास आल्यावर कोण हाताशी लागणार, सांगा. काका असे आले."

सुलोचनाबाईंनी कप्प्याचं झाकण लावलं.

"काकू, पास झालात की उशी बंद होती. गाव पुसलं जातंय. कायदाच आहे. मागं एका गृहस्थांनी कोर्स संपल्यावर स्वप्नातल्या तिकीट तपासनिसाच्या नावावर फ्लॅट केला. वारस कोर्टात गेले. तेव्हापासून कुणाला ठेवून घेता येत न्हाई."

"आणि नापास झाले तर?"

रेहानानं नजर खिडकीबाहेर वळवली. खाली वाळत घातलेले भोपळे दिसत होते. "तर परवाना आपोआप एक वर्ष वाढतोय."

म्हणजे हिशेब सरळ होता, म्हणूनच वाईट. पास झालं, तर राजुलचं बाळंतपण आणि बेकरीला कायमचं कुलूप. नापास झालं, तर वर्षभर रोज दुपारी दोन ते चार भूपाल, आणि तिकडं लेक रक्तदाब घेऊन एकटी. वर आणखी एक गोष्ट: खडा आता बोराएवढा राहिला होता. उशी रोज त्यातला कण खायची.

त्याच आठवड्यात राजुलचा फोन आला. तिनं परीक्षेचं विचारलंच नाही. म्हणाली, "इथं हिंग म्हणून मिळतो तो नुसता पिवळा मैदा आहे गं. पोटात धरतं माझ्या. आप्पांचा तो खडा आहे का अजून?"

"आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "थोडा आहे."

परीक्षेच्या आदल्या दुपारी त्या साँ-मार्दीत गेल्या. ढग जागेवर होता. अडतिसावा धडा चालू होता; मांजर आता खुर्चीच्या मागं राहायला गेलं होतं. चाळिसाव्या धड्यात नगराध्यक्ष भेटणार असं पुस्तकात दिलं होतं, त्यामुळं नगरपालिकेची इमारत नुसतीच उभी होती आणि तिला अजून दार नव्हतं.

बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. नव्हतंच कधी. त्यांनी पाव मागितला नाही. जमेल तशा फ्रेंचमध्ये, एकेक शब्द दगडावरून दगडावर पाय टाकावा तसा टाकत, विचारलं, "माझी मुलगी लांब आहे. तिला मी हवी आहे. मी गेले तर पुन्हा येणार नाही. मी जाऊ?"

पाववाल्यानं हातावर फुंकर मारली. तो खूप वेळ विचार करत होता. बिचाऱ्याकडं सगळे मिळून दोन हजार शब्द. त्यांत मरण नव्हतं, विरह नव्हता, पुनर्जन्म तर नव्हताच. भाजी होती, हवामान होतं, घरातल्या खोल्या होत्या. त्यानं त्या सगळ्या सामानातून शोधशोध शोधलं. मग काउंटरमागून बाहेर आला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच बाहेर आला होता, आणि कमरेखाली धोतर होतं, ते भूपालचंच होतं. दारात उभा राहून त्यानं बोट दाखवलं आणि चौदावा धडा म्हणाला.

"सरळ जा, मादाम. चर्चपाशी डावीकडं वळा. तिथं स्टेशन आहे. लांब नाही."

सुलोचनाबाईंनी मान हलवली.

"आ मार्दी," तो म्हणाला.

"हं," त्या म्हणाल्या.

पुण्यातलं परीक्षा केंद्र काचेचं आणि गार होतं. दारातच गुंड्या काढून घेतल्या. उशीच्या कप्प्यात उरलेला खडा सुलोचनाबाईंनी प्लास्टिकच्या तीन पदरांत गुंडाळून पदराच्या टोकाला गाठीत बांधला होता. गाठ सोडली तर फ्रेंच, नाही सोडली तर नाही. काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. बसमध्ये ठरवू म्हटलं होतं, पण खिडकीत ऊन छान होतं आणि डोळा लागला होता. नुसताच लागला. काही दिसलं नाही.

परीक्षक होत्या मादाम ओबेर. उंच, पिकलेले केस, फ्रेंचशिवाय दुसरी भाषा बोलायची त्यांना मनाई. खोलीत लव्हेंडर होतं. मादामनी काहीतरी विचारलं. सुलोचनाबाई गाठीवर मूठ धरून गप्प बसल्या. मादामनी दुसरं काही विचारलं. चार मिनिटं गेली. गप्प बसायला काही श्रम नव्हते. अजून सोळा मिनिटं अशीच बसून काढली की उद्या दुपारी दोन वाजता पुन्हा लिंबाचा उजेड, फुंकर, "आपण कशा आहात?" मादामनी फाईल मिटायला घेतली.

मग, बहुधा शेवटची संधी म्हणून, त्यांनी एक चित्र पुढं सरकवलं. एका गावाचा नकाशा. परीक्षेचा भाग म्हणून त्यांनी वाट चुकलेल्या माणसाचा चेहरा केला, नकाशा उलटा-सुलटा धरला, आणि एका चौकटीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

शब्द एकही कळला नाही. पण एकतीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला कळायला शब्द लागत नाहीत. समोर एक बाई उभी आहे, तिच्या हातात पत्ता आहे, तिला कुठंतरी पोचायचं आहे आणि वाट सापडत नाही. अशा माणसाला सुलोचनाबाईंनी उत्तर दिलं नाही असं उन्हात, पावसात, संपातसुद्धा कधी घडलं नव्हतं. त्यांचा हात त्यांना न विचारता गाठीकडं गेला, गाठ सुटली, प्लास्टिकही सुटलं.

वास खोलीभर झाला. लव्हेंडर बिचारं कोपऱ्यात जाऊन बसलं.

"सरळ जा, मादाम," सुलोचनाबाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "चर्चपाशी डावीकडं वळा. तिथं स्टेशन आहे. लांब नाही. सामान आहे का? मग सावकाश जा. जाताना बेकरी लागेल."

मादाम ओबेर शिंकल्या. मग पेन उघडलं. कुटुंबात कोण कोण? एक मुलगी. उंच, काळे केस. जावई बारीक आहे. आणि पती काय करतात?

"बेकरी आहे त्यांची. मंगळवारी उघडी असते."

"आणि इतर वारी?"

"इतर वार नाहीत," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मादामनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं, तीनदा शिंकल्या आणि काहीतरी लिहिलं. निकाल काय लागला ते आपल्याला माहीत नाही असं आपण ठरवलं होतं, पण आता ते निभणं कठीण दिसतंय.

निकाल लागला त्या दुपारी मिरजेत रेहानानं उशी परत घेतली. तिनं ती पोटाशी धरली होती, लहान मूल धरावं तशी. "काकू, शेवटचं एकदा झोपायचं का? मी अर्ध्या तासानं बंद करते."

"नको," सुलोचनाबाई म्हणाल्या. "निरोप झालाय."

नोव्हेंबरात नांतला राजुलला मुलगी झाली. नाव भूपाली, तिकडचे लोक बुपाली म्हणतात. सुलोचनाबाईंचं फ्रेंच फक्त शेगडीच्या आसपास चालतं. दिवाणखान्यात त्या मुक्या, फोडणी पडली की वक्त्या. त्यामुळं ज्याला त्यांच्याशी बोलायचं असेल त्याला स्वयंपाकघरात यावं लागतं. विहीणबाई, सोलांज, पहिल्या दिवशी रुमाल नाकाला लावून आल्या. आता स्वतःची खुर्ची घेऊन येतात आणि कढी शिकतायत. एतियेन कणकेला हात लावायला शिकलाय. राजुलचं पोट धरायचं थांबलं, कारण बाळंतिणीच्या आमटीत रोज खड्याचा एक कण पडतो. बाजारच्या हिंगानं फ्रेंच येतं, पण थोडं अडखळत. या खड्यानं स्वच्छ येतं.

एका मंगळवारी दुपारी बाळ झोपलं, घर शांत झालं. सुलोचनाबाईही पाळण्याशेजारी लवंडल्या. बोटांना हिंगाचा वास होता. उशी नव्हती, यंत्र नव्हतं, कुणी काही कुजबुजलं नव्हतं. तरी रस्ता आला. पुसट होता, पाण्यानं पुसलेल्या पाटीसारखा. ढग होता. मांजर टेबलाखाली परत गेलं होतं. बेकरीचं शटर खाली होतं.

शटरवर काही लिहिलं नव्हतं. गाडी रद्द झाली तर फळ्यावर खडूनं तसं लिहायचं असतं. एकतीस वर्षांत त्यांनी उतारूला असं ताटकळत कधी ठेवलं नव्हतं. त्या जाग्या झाल्या. मग एतियेनच्या वहीतला चौकटीचा कागद फाडून घेतला, शेगडीपाशी उभ्या राहिल्या आणि मराठीतच लिहिलं, कारण अर्ज मराठीतच नीट होतो.

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
साँ-मार्दी नगरपालिका (इमारतीस दार बसवल्यानंतर उघडावे).

विषय: बेकरी उघडी ठेवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी खाली सही करणार आपल्या गावची एप्रिल ते ऑगस्ट या कालावधीतील नियमित गिऱ्हाईक आहे. आपली व माझी भेट चाळिसाव्या धड्यात ठरली होती, परंतु मी अडतिसाव्यातच पास झाल्याने ती होऊ शकली नाही, याबद्दल क्षमस्व. सदर बेकरी कोणतीही पूर्वसूचना फळ्यावर न लावता बंद करण्यात आली आहे. बेकरीचालक हे माझे पती असून, त्यांनी दाखवलेल्या वाटेने मी सुखरूप पोचले आहे व नात झाली आहे, हे त्यांना कळवावयाचे राहिले आहे. त्यांना इतर काम जमेलसे वाटत नाही.

तरी सदर बेकरी दर मंगळवारी दुपारी दोन ते चार या वेळेत उघडी ठेवण्याचे संबंधितांस आदेश व्हावेत. आपल्याकडे इतर वार नसल्याने यात गैरसोय होऊ नये. मी स्वतः दर वेळी येऊ शकेनच असे नाही, तरी शटर वर असावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
सौ. सुलोचना भूपाल मगदूम

सोबत: हिंग, खडा एक (वाटाण्याएवढा). वास तपासून परत करावा.